नाई द्यायचं!

शीलाच्या तोंडाला गावात कोणी लागत नसे. ती समोरून येताना दिसली की खुद्द सरपंच आपली मोटरसायकल दुसऱ्या बोळीत घालायचे. बाई वाईट नव्हती हो, मुळीच नाही. पण एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली, की मग समोर साहेब असो नाहीतर गल्लीतलं कुत्रं, ती दोघांशी एकाच आवाजात बोलायची. आणि गेल्या वर्षापासून तिनं एकच गोष्ट मनावर घेतली होती. आपल्या संघदीपच्या तोंडात गोडाचा कण जाऊ द्यायचा नाही.

संघदीप तिचं एकुलतं एक लेकरू, चौथीत शिकणारं. नवरा गोविंदा तिकडे वणीला कोळशाच्या ट्रकवर, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. म्हणजे पोराची आईही तीच आणि बापही तीच. त्याला तिनं तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं, आणि तरी गेल्या उन्हाळ्यात ते डोळ्यांदेखत वाळत चाललं. तांब्यामागून तांबे पाणी प्यायचं, रात्री अंथरूण ओलं करायचं, हातापायाच्या काड्या झाल्या. कोणी म्हणालं जंत, कोणी म्हणालं दृष्ट. शेवटी एका दुपारी ते डोळेच उघडेना, तेव्हा त्याला जीपमध्ये घालून दिग्रसला नेलं, आणि तिथून तसंच यवतमाळला.

"याला शुगर आहे," डॉक्टर म्हणाले. "लहान मुलांची. रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागेल, जन्मभर."

"शुगर तं म्हाताऱ्यायले होते ना, साहेब?" शीला म्हणाली. "ह्यानं थे धनसिंगच्या गाडीवरचं लाल शरबत लय पेलं. त्यानंच झालं ना?"

"नाही हो. हा आजार गोड खाल्ल्यानं होत नाही. तुमचाही दोष नाही, त्याचाही नाही."

शीलानं मान हलवली, पण पटलं कोणाला? दोष कोणाचाच नाही म्हणजे काय! लेकराच्या पोटात रोज सुया टोचायच्या आणि दोष कोणाचाच नाही? माणसाला कोणावर तरी राग काढल्याशिवाय जगता येत नाही. तिनं तो धनसिंगच्या गाडीवर काढला. शिवाय त्या शरबताला पैसे कोण देत होतं? तीच. कपाशी वेचायला जाताना पोरगं पायात घुटमळू नये म्हणून तीच त्याच्या हातावर नाणं ठेवायची. ते तिला आठवलं की ती आणखी चिडायची.

डॉक्टरांनी आणखीही एक गोष्ट सांगितली होती, अगदी बजावून. सुई दिली आणि पोरगं जेवलं नाही, किंवा जास्त धावलं-नाचलं, तर साखर एकदम खाली उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, पोरगं येड्यासारखं वागतं. तेव्हा थांबायचं नाही, लगेच साखर द्यायची. दप्तरात ग्लुकोजची पुडी कायम हवी. वाढलेली साखर हळूहळू छळते, उतरलेली साखर वेळ देत नाही.

शीलानं पुडी ठेवलीही होती, कंपासपेटीत. पण पोट्टं ते पोट्टंच. संघदीपनं आणि त्याच्या दोस्तानं, शामनं, मधल्या सुट्टीत ती पुडी चाटूनपुसून संपवली. वर शामनं गावभर सांगितलं, "संघ्याजवळ गोड पावडर राह्यते!" शीलाचं माथं भडकलं. तिनं पेटीतली पुडी काढली ती काढलीच. वाढलेली साखर काय करते ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, उतरलेली कधी पाहिली नव्हती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. शीलानं तर ताकच बंद करून टाकलं.

मग ती शाळेच्या मागे लागली. आधी धनसिंगची गाडी फाटकासमोरून उठवली. धनसिंग बिचारा म्हणाला, "बाई, वीस वर्सं झाले मी इथं उभा राह्यतो." ती म्हणाली, "मंग आता फाट्यावर उभा राह्य. तिथं मोठी माणसं राह्यतात, त्यायले पाज." गेला तो फाट्यावर. मग वाढदिवसाची चाकलेटं बंद केली. ज्याचा वाढदिवस त्यानं पेन्सिल वाटायची. चौथीच्या गौरी मॅडम पुसदच्या, नव्यानंच लागलेल्या. त्यांनी तर शीलाची बाजूच घेतली. "चांगलंच आहे ताई. अर्ध्या वर्गाचे दात किडलेत, डब्यात पोळीऐवजी क्रीमची बिस्किटं येतात." आणि खरंच, त्या वर्षी पोरांची दातदुखी कमी झाली. शीलाचं सगळंच काही चुकलं असं कोणी म्हणू नये.

पण तिचं तेवढ्यानं भागेना. एके दिवशी ती सकाळच्या परिपाठाला जाऊन उभी राहिली आणि प्रतिज्ञा संपल्या-संपल्या म्हणाली, "हात खाली करू नका रे. आणखी एक घ्या." पोरांनी समोर धरलेले हात तसेच ठेवले. शीलानं सांगितलं आणि साऱ्या शाळेनं मागून म्हटलं, की आम्ही संघदीपले गोड देणार नाही. त्यानंतर जेव्हा जेव्हा ती फाटकाशी यायची, तेव्हा पोरांची उजळणी घ्यायची.

"संघदीपनं मांगलं तं?"

"नाई द्यायचं!"

"रडला तं?"

"नाई द्यायचं!"

"मॅडमनं म्हटलं तं?"

"नाई द्यायचं!"

"अन् मी सोता म्हटलं, द्या रे त्याले, तं?"

पहिल्यांदा इथं पोरं गोंधळली. एकमेकांकडे पाहायला लागली. तेव्हा शीलानं त्यांना समजावून सांगितलं. "पाहा, मी बी माणूसच हाये. आईचं काळीज राह्यते ना बाप्पा, एखाद्या दिवशी पाघळीन. त्या दिवशी तुम्ही पाघळायचं नाई. मी म्हटलं तरी?"

"तरी नाई द्यायचं!"

मग ती परीक्षाही घ्यायला लागली. कधी पेढा घेऊन यायची आणि रडवेलं तोंड करून शामपुढे हात धरायची. "दे ना रे त्याले एवढा. पाह्य कसं तोंड उतरलं त्याचं." शाम हात मागे बांधून मान हलवायचा, "नाई काकू, नाई द्यायचं." एकदा तर तिनं सगळ्यांसमोर शामला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "असा दोस्त पाह्यजे!" शाम दोन दिवस छाती काढून हिंडला. त्यावर सगळी पोरं असा दोस्त व्हायला लागली. आणि संघदीप? तो बाजूला उभा राहून जमिनीकडे पाहायचा. त्याला कोणी विचारलं नाही.

तर अशी सगळी जय्यत तयारी झालेली, आणि आली सव्वीस जानेवारी.

त्या दिवशी पोरगं पहाटेपासून उड्या मारत होतं. लेझीमच्या पथकात त्याला सगळ्यांच्या पुढे उभं केलं होतं. शीलानं पोटाला चिमटा धरून सुई दिली, ताटात दोन भाकरी आणि तुरीच्या सोल्यांची भाजी वाढली आणि ती बाहेर पाणी भरायला गेली. परत येते तो ताट साफ आणि पोरगं चपलेत पाय घालून उभं.

"खाल्लं?"

"खाल्लं ना!"

"समदं?"

"हो वं आई! सोड ना, प्रभातफेरी निघून राह्यली!"

गेलं पळत. शीलाला बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी त्याला असं पळताना पाहत होती ती. फेरी घरावरून गेली तेव्हा ती दारात उभी राहिली. संघदीप पुढे, लेझीम डोक्यावरून खाली, खालून वर, घामानं निथळत होता. नाचून नाचून घाम येणारच, तिनं मनाशी म्हटलं. फेरी साऱ्या गावाला वळसा घालून शाळेकडे गेली. मग झेंडावंदन, मग भाषणं. गावातल्या भाषणांचं तर काय सांगावं, एकाचं संपलं की दुसऱ्याला चेव येतो.

शीलानं तोवर घर झाडलं आणि चुलीपाशी सरपण ओढलं. काटक्यांच्या मागे काहीतरी मऊ हाताला लागलं. दोन भाकरी, घडी घातलेल्या, आत भाजी तशीच.

"अरे मेल्या!" ती एकटीच ओरडली. "येऊ दे घरी, दाखवतो तुले."

तिनं भाकरी फडक्यात बांधल्या. घरी येईपर्यंत कशाला थांबायचं, शाळेतच सगळ्यांसमोर खायला लावते, असं म्हणून निघाली. रागातच निघाली. वाटेत देवळापाशी कुठे डॉक्टरांचं बोलणं तिच्या मनात डोकावलं. सुई दिली आणि जेवलं नाही तर. तिनं पावलं उचलली. जास्त धावलं-नाचलं तर. मग ती पळायलाच लागली.

शाळेच्या फाटकात शिरली तेव्हा भाषणं संपलेली होती. मुख्याध्यापक आणि बाकीचे गुरुजी पाहुण्यांना घेऊन ग्रामपंचायतीच्या झेंड्याला गेलेले. मैदानात पोरं रांगेनं बसलेली आणि प्रत्येकाच्या हातात कागदाची पुडी. वाढदिवसाची चाकलेटं बंद झाली तरी सव्वीस जानेवारीची बुंदी कशी बंद होणार? संघदीपसाठी मॅडमनी वेगळे फुटाणे आणले होते, आणि ते मातीत सांडलेले दिसत होते.

आणि संघदीप पहिलीतल्या एका चिमुरडीच्या अंगावर धावून गेला होता. तिच्या पुडीत त्यानं हात घातला होता. दोघा-तिघांनी त्याला मागून धरलेलं, शाम सगळ्यांत पुढे. संघदीप लाथा झाडत होता, कोणालाही ओळखत नसल्यासारखा शिव्या देत होता. कधी शिवी न देणारं पोरगं ते. झटापटीत त्यानं बुंदीचा एक बकाणा तोंडात कोंबला.

शाम ओरडला, "काकू! पाहा, चोरून खाऊन राह्यला! आम्ही नाई देल्लं!"

वाटभर पळताना मनात जे होतं ते त्या क्षणी शीलाच्या मनातून पुसलं गेलं. तिला फक्त त्याच्या तोंडातली बुंदी दिसली. इतक्या महिन्यांची सवय पुढे धावली. तिनं त्याच्या थोबाडीत मारली, एका हातानं जबडा धरला, दुसऱ्या हाताचं बोट तोंडात घालून बुंदी खरवडून काढली आणि मातीत झटकली.

"थुक! थुक म्हणतो ना!"

संघदीप थुंकला नाही. तो तिच्या हातातून खाली घसरला.

जबड्यावरचा तिचा हात ओला झाला होता. ओला आणि थंडगार. तिनं त्याच्या सदऱ्याला हात लावला. जानेवारीच्या थंडीत सदरा पिळून काढावा इतका भिजलेला. नाच थांबून कितीतरी वेळ झाला होता. त्याची बोटं आपोआप थरथरत होती, डोळे अर्धे उघडे पण तिच्याकडे पाहत नव्हते.

"माय वं!" शीला म्हणाली. तिच्याच हातानं, अगंबाई, तिच्याच हातानं तिनं त्याच्या तोंडातला जीव बाहेर काढला होता.

गौरी मॅडम धावत आल्या. "काय झालं? शुगर वाढली का? फुटाणेच दिले होते हो मी!"

"वाढली नाई, उतरली! मॅडम, साखर! साखर आणा!"

"साखर?" मॅडम घाबरून बघतच राहिल्या. "अहो ताई, त्याला साखर कशी देता? आधीच शुगर आहे त्याला!"

"आणा म्हणतो ना! सकाळची सुई देल्ली, भाकर खाल्ली नाई त्यानं! मरून जाईन माह्यं लेकरू!"

मॅडम चहाची साखर आणायला ऑफिसकडे पळाल्या आणि दारापासूनच ओरडल्या. कुलूप होतं. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात आणि मुख्याध्यापक ग्रामपंचायतीत. मॅडम तशाच तिकडे धावत सुटल्या. पूर्वी फाटकाबाहेर चार पावलांवर शरबताच्या बाटल्या मांडून धनसिंग उभा असायचा. शीलाची नजर तिकडे गेली. तिथं नुसती रिकामी जागा होती.

मग तिनं पोरांकडे पाहिलं. अख्खी शाळा पुड्या घेऊन उभी होती.

"द्या रे! कोणी बी द्या. बुंदी द्या इकडे, लवकर!"

कोणी हललं नाही. एकेक हात पुडीसकट पाठीमागे गेला.

"शाम! दे बेटा. दे तुही पुडी."

शामनं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. काकू रडत होत्या. पण काकू परीक्षेलाही अशाच रडायच्या. त्यानं छाती पुढे काढली. "नाई काकू. नाई द्यायचं."

"अरे खरंच मांगून राह्यली मी! आज खरं हाये!"

"तरी नाई द्यायचं!" शाम म्हणाला, आणि त्याचं ऐकून मागची सगळी पोरं एका सुरात ओरडली, "तरी नाई द्यायचं!"

काही जणांनी तर ओरडून झाल्यावर शाबासकीसाठी तिच्याकडे पाहिलं.

कोणाला बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ. तिनं एकाच्या हाताला हिसडा मारला, ते पोरगं पळालं, आणि त्याच्यामागे आणखी पाच-सहा पळाली, शपथ पाळायला म्हणून. पोराला टाकून ती कोणाकोणामागे धावणार? तिनं शामपुढे गुडघे टेकले, त्याचे पाय धरले. शाम घाबरून मागे सरकला, पण पुडी त्यानं आणखीच घट्ट धरली.

तेव्हा शीला मागे फिरली आणि मातीत हात फिरवू लागली. मघाशी तिनंच झटकलेली बुंदी तिथंच कुठंतरी पडली होती. पाच-सात दाणे सापडले. मातीनं माखलेले, तिच्याच पोराच्या लाळेनं ओले. ती फुंकायलाही थांबली नाही. बोटांत चुरडून तिनं तो चिकट गोळा संघदीपच्या ओठांशी नेला आणि गालाच्या आत लावायला लागली. तिच्या तोंडून नुसता आवाज येत होता, शब्द नव्हते.

शाम ते पाहत होता. परीक्षेच्या वेळी काकू पेढा आणायच्या, स्वच्छ, कागदातला. आपल्या पोराला माती कधी चारत नव्हत्या. शामचं तोंड वाकडं झालं, आणि तो हंबरडा फोडून तिच्याशेजारी बसला. त्यानं पुडी तिच्या मांडीवर उपडी केली. "घ्या काकू, घ्या. मले वाटलं तुम्ही परीक्षाच घेऊन राह्यले." मग मागून दुसरी पुडी आली, तिसरी आली, पळालेली पोरं परत आली. शीलाच्या ओटीत बुंदीचा ढीग झाला.

शीलानं पुडीच्या तळाशी जमलेला पाक बोटावर घेतला. संघदीपचे ओठ जरा हलले. तो काहीतरी पुटपुटत होता. जीव होता अजून, गिळण्याइतका होता. पण बोट ओठाला लागताच त्यानं दात घट्ट मिटले आणि मान दुसरीकडे वळवली.

"खा बाळा. खा माह्या राजा."

"नको," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की ती वाकून ऐकत होती. "नको. आई मारीन."

"मीच हाये रे! मीच आई हाये!"

ते ऐकलं मात्र, त्यानं ओठही आत ओढून घेतले आणि थरथरणारा हात गालावर धरला. मघाशी जिथं लागली होती त्याच गालावर.

शीला थांबली. हातात पाक, मांडीवर पोर, आणि त्याच्या तोंडाचं दार बंद करून बसलेली ती स्वतः. तिनं एकदा सभोवती पाहिलं. सगळी पोरं तिच्याकडेच पाहत होती. तिनं आवाज बदलला. शेजारच्या बाया बोलतात तसा, हळू, परका आवाज काढला.

"आई नाई इथं, बाळा. आई गेली घरी. खाऊन घे पटकन, तिले कोणीच नाई सांगत." मग तिनं मान वर केली. "सांगसान का रे कोणी, त्याच्या आईले?"

मग शामनं नाक पुसलं आणि सगळ्यांच्या आधी ओरडला, आणि त्याच्यामागे सगळी शाळा ओरडली, "नाई सांगायचं!"

संघदीपनं तोंड उघडलं.